पर्यायी पब्लिक शाळा: अर्जापासून पहिलं वर्ष पार पडेपर्यंत (कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांसाठी)

दर जानेवारीत ओळखीपाळखीतून पाच-सहा फोन येतात: "त्या शाळेत आमचा नंबर लागेल का?" दर ऑक्टोबरात त्यांतलेच दोन-तीन फोन पुन्हा येतात, आणि आवाज उतरलेला असतो: "ताई, झेपत नाहीये. आता बाहेर कसं पडायचं?" मधल्या नऊ महिन्यांत कुठे घसरलं हे मला ऐकायच्या आधीच कळतं, कारण बहुतेक सगळे त्याच चार-पाच ठिकाणी घसरतात. मीही घसरले होते.

आधी एवढंच स्पष्ट करून घेऊ की आपण कोणत्या शाळेबद्दल बोलतोय. या शाळा पब्लिकच असतात. फी नसते, शिक्षक स्कूल डिस्ट्रिक्टचे असतात, अभ्यासक्रमाची मानकं राज्याची असतात. राज्याच्या शिक्षण संहितेत कलम 58500 पासून पुढे 'पर्यायी शाळा' अशी त्यांची तरतूद आहे. तिथली मुलं आणि तिथले शिक्षक, दोघंही स्वेच्छेनेच आलेले असले पाहिजेत, असं ती सांगते. माउंटन व्ह्यूमधली स्टीव्हन्सन पॅक्ट किंवा क्युपर्टिनो डिस्ट्रिक्टची क्रिस्टा मॅकॉलिफ ही बे एरियातली माहितीतली उदाहरणं. या पद्धतीच्या शाळांत पालक वर्गात काम करतात, अनेक ठिकाणी दोन इयत्ता एकत्र बसतात आणि गुणांपेक्षा वर्णनात्मक प्रगतिपत्रकावर भर असतो. प्रत्येक शाळेचे तपशील वेगळे, पण पायऱ्यांचा क्रम सगळीकडे जवळजवळ हाच.

टप्पा 1: घरातल्या तासांचा हिशेब (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

शाळा बघायला जाण्याआधी हे करा. आधी शाळा बघितली की मन तिथे अडकतं आणि मग हिशेब सोयीचा मांडला जातो.

शाळेच्या ऑफिसला फोन करून आकडे विचारा. 'पालकांचा सहभाग अपेक्षित आहे' या वाक्यावर थांबू नका. आठवड्याला किती तास? एका मुलामागे की एका घरामागे? वर्गातले तास वेगळे आणि कमिटीचं काम वेगळं का? महिन्यातून एखादी संध्याकाळची पालकसभा असते का? दोन मुलं असतील तर काही ठिकाणी तास दुप्पट होतात. हे नंतर कळलेली घरं मी पाहिली आहेत.

आता आकडेमोड. समजा आठवड्याला तीन तासांची एक पाळी आहे. शाळेचं वर्ष साधारण 180 दिवसांचं, म्हणजे 36 आठवडे. झाले 108 तास. त्यात जाण्यायेण्याचा वेळ मिळवा. या शाळांना बहुतेक वेळा बस नसते, त्यामुळे सकाळी सोडणं आणि दुपारी आणणं रोजचंच. किंडरगार्टन कित्येक ठिकाणी मोठ्या वर्गांच्या आधी सुटतं, म्हणजे भावंडं असतील तर दुपारच्या दोन फेऱ्या. धाकटं मूल घरी असेल तर पाळीच्या वेळी ते कुठे राहणार? त्याला वर्गात आणता येत नाही.

नोकरीवाल्यांना कायद्याचा थोडा आधार आहे. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेतल्या कलम 230.8 नुसार, एका ठिकाणी 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला पालकांना मुलाच्या शाळेतल्या कामांसाठी वर्षाला 40 तासांपर्यंत सुट्टी द्यावी लागते, महिन्याला जास्तीत जास्त 8 तास. आधी कळवावं लागतं, मालक शाळेचा पुरावा मागू शकतो आणि तुमच्या साठलेल्या रजेतून ते तास वळते करायला सांगू शकतो. नवराबायको दोघं एकाच ऑफिसात असाल तर एका वेळी ज्याने आधी कळवलं त्याचाच हक्क. पण 108 मधले 40 गेले तरी 68 उरतातच. ते कुठून येणार हे मॅनेजरशी बोलून ठरवा. "बघू, ॲडजस्ट करू" हे उत्तर ऑक्टोबरपर्यंतच टिकतं.

> सावधान: पाळी आजी-आजोबांच्या भरवशावर मांडू नका. ते येतात तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं, पण व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात आणि शाळा दहा महिने चालते. आजी फेब्रुवारीत पुण्याला परत गेल्या की मार्चपासूनच्या पाळ्या तुमच्याच.

> तपासा: कॅलेंडरवर एक अख्खा आठवडा भरून बघा. पाळी, ने-आण, धाकट्याची सोय, ऑफिसच्या न हलणाऱ्या मीटिंग. सगळं बसलं तरच पुढे. नाही बसलं, तर वर्गाबाहेरची कामं आहेत का हे शाळेला विचारा: शनिवारी बागेतलं काम, घरी बसून कापाकापी, वेबसाइट, हिशेब. अशी कामं बहुतेक ठिकाणी असतात, पण न मागता कोणी देत नाही.

टप्पा 2: शाळा बघायला जाणं (नोव्हेंबर ते जानेवारी)

वर्ग चालू असताना मिळेल तीच फेरी घ्या. संध्याकाळच्या ओपन हाउसला सगळ्याच शाळा छान दिसतात.

आत गेल्यावर आपले डोळे आपोआप मुलांकडे आणि भिंतीवरच्या चित्रांकडे जातात. मी सांगेन, पालकांकडे बघा. वर्गात काम करणारी आई किंवा बाबा नेमकं काय करतायत? टेबलाशी बसून मुलांचं ऐकतायत, की कोपऱ्यात कागद कापतायत? तुम्ही स्वतः दर मंगळवारी त्या खुर्चीत बसणार आहात. तो गलका, ती जमिनीवर बसलेली मुलं, एकाच वेळी चालणारी चार कामं, हे तुम्हाला सोसणार आहे का? शांतता आणि रांग आवडणाऱ्या माणसाने इथे येऊन दोन वर्षं कुरकुरत काढण्यात कुणाचंच भलं नाही.

विचारायचे प्रश्न: वाचन कोणत्या पद्धतीने शिकवतात? गृहपाठ किती? दोन इयत्तांच्या वर्गात वरच्या इयत्तेच्या मुलाला गणितात काय वेगळं मिळतं? शाळेनंतरची पाळणाघराची सोय आवारात आहे का, आणि तिची प्रतीक्षायादी किती लांब? शेवटचा प्रश्न लाजू नका, विचाराच. शाळा मिळाली आणि दुपारची सोय नाही म्हणून जागा सोडलेली घरं आहेत.

> सावधान: काही ठिकाणी माहितीसभेला हजर राहिल्याशिवाय अर्जच धरला जात नाही. हजेरीच्या कागदावर मुलाचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. सभेत 'चिनू' आणि अर्जात 'चिन्मयी' असेल तर ऑफिसातल्या माणसाला ती दोन मुलं वाटतात.

टप्पा 3: अर्ज आणि चिठ्ठी

वय आधी बघा. किंडरगार्टनसाठी मुलाला 1 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. चार पूर्ण झालेल्यांसाठी 2025-26 पासून सगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये ट्रान्झिशनल किंडरगार्टन आहे, पण पर्यायी शाळेच्या आवारात तो वर्ग असेलच असं नाही. आणि तिथे तो असला, तरी त्यातून किंडरगार्टनमध्ये जागा आपोआप मिळते की पुन्हा चिठ्ठी (म्हणजे लॉटरी), हे लेखी विचारून घ्या.

क्रम असा ठेवा:

1. पत्त्याचे पुरावे आधी गोळा करा. भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल, दोन्हीवर पालकाचं नाव हवं. भाडेकरार एकाच्या नावावर आणि मुलाची नोंदणी दुसऱ्याच्या नावावर, अशा घरांकडे हमखास जादा कागद मागितले जातात.
2. घराजवळच्या नेमून दिलेल्या शाळेत नाव नोंदवा. हो, ती नको असली तरी. चिठ्ठीत नाव आलं नाही तर हीच जागा आपली.
3. मग पर्यायी शाळेचा अर्ज, मुदतीच्या आत. तारखा डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरूनच घ्या. मैत्रिणीच्या डिस्ट्रिक्टची तारीख वेगळी असते.
4. पोच देणारा ईमेल जपून ठेवा. पोच आली नाही तर दुसऱ्या दिवशी फोन.

पहिल्या दिवशी रात्री बाराला उठून अर्ज भरण्यात काही अर्थ नाही. मुदतीत आलेले अर्ज जागांपेक्षा जास्त झाले की निवड यादृच्छिक करावी लागते, म्हणजे चिठ्ठ्याच. मूल हुशार आहे, अबॅकस करतं, याचा तिथे उपयोग नाही. भावंड आधीच त्या शाळेत असणं, डिस्ट्रिक्टच्या हद्दीत राहणं, अशा ठरावीक गोष्टींना प्राधान्य असतं आणि ते नियमांत लिहिलेलं असतं. जुळी असतील तर दोघांची एक चिठ्ठी की दोन, हे विचारा.

दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधल्या शाळेवर डोळा असेल तर चिठ्ठीखेरीज आंतर-डिस्ट्रिक्ट परवानाही लागतो. त्यात जिथे राहता त्या डिस्ट्रिक्टने सोडावं लागतं आणि जिथे जायचंय त्याने घ्यावं लागतं. चार्टर शाळा हा प्रकारच वेगळा. तिथे अर्ज शाळेकडे जातो.

> तपासा: निकालानंतर जागा स्वीकारायला अनेकदा मोजकेच दिवस मिळतात. त्या काळात भारतात असाल तर ईमेल रोज बघा, स्पॅमसुद्धा. प्रतीक्षायादीत असाल तर नंबर किती हे विचारा आणि शाळा सुरू होईपर्यंत आशा सोडू नका. ऑगस्टमध्ये लोकांच्या नोकऱ्या बदलतात, घरं बदलतात आणि यादी सरकते.

टप्पा 4: मुलाचे कागद

इथे भारतातून आलेल्या मुलांचं घोडं लसींपाशी अडतं. तीन अडचणी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, तारीख. आपल्या लसीकरण कार्डावर 03/07/2021 म्हणजे 3 जुलै. इथे त्याचं 7 मार्च होतं. एका चुकीच्या वाचनाने दोन डोसांमधलं अंतर कमी पडतं आणि डोस बाद ठरतो. मुलाच्या डॉक्टरांना कार्ड देताना प्रत्येक तारखेसमोर महिना अक्षरात लिहून द्या.

दुसरी, गोवराची लस. भारतात ती नवव्या महिन्यात देतात. कॅलिफोर्नियात किंडरगार्टनला एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) दोन डोस लागतात आणि ते पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतर दिलेलेच धरले जातात. नवव्या महिन्यातला मोजला जात नाही.

तिसरी, पोलिओचे थेंब. 1 एप्रिल 2016 नंतर तोंडावाटे दिलेले डोस इथे धरत नाहीत, इंजेक्शनचेच धरतात. पोलिओ रविवारी किती वेळा थेंब पाजले याची यादी बघून डॉक्टर हसतात आणि बाजूला ठेवतात.

याशिवाय कांजिण्यांचे दोन डोस लागतात. भारताच्या सरकारी वेळापत्रकात ही लस नाही, त्यामुळे खासगीत घेतली नसेल तर दोन्ही बाकी असतात. लहान मुलांत त्या दोहोंमध्ये तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. म्हणून हे काम चिठ्ठी लागल्यावर लगेच, एप्रिलमध्ये सुरू करा. 'वैयक्तिक मतामुळे लस नको' ही सवलत 2016 पासून बंद आहे.

आता एक फॉर्म, ज्याच्यावरून मराठी ग्रुपवर दर वर्षी वाद होतो: घरच्या भाषेची पाहणी. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी कोणती बोलतं, पालक त्याच्याशी कोणती बोलतात, घरातली मोठी माणसं आपसात कोणती बोलतात, असे चार प्रश्न असतात. पहिल्या तिन्हींपैकी कशालाही 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची एलपॅक चाचणी होते, दाखल झाल्यापासून 30 दिवसांच्या आत. त्या भीतीने लोक चारही ठिकाणी 'इंग्रजी' लिहितात. मला हे पटत नाही. खरं तेच लिहा. चाचणीत इंग्रजी पुरेशी आली तर प्रश्न तिथेच मिटतो. नाही आली तर मुलाला इंग्रजीची जादा मदत मिळते आणि ती पुरेशी येईपर्यंत दर वर्षी चाचणी होते. ही पाहणी एकदाच भरतात, आणि चाचणी झाल्यावर 'उत्तरं बदलायची आहेत' म्हणून निकाल पुसला जात नाही.

टप्पा 5: तुमचे कागद, म्हणजे टीबी आणि बोटांचे ठसे (मे-जून)

सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात, आणि मी स्वतः इथेच सात आठवडे घालवले.

मुलांच्या सहवासात नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकाला क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. सुरुवात एका प्रश्नावलीने होते. तिच्यात 'क्षयरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्म, किंवा महिनाभर वास्तव्य अथवा प्रवास' असा मुद्दा आहे. भारतात जन्मलेल्या माणसाचं उत्तर 'हो'. म्हणजे शेजारच्या अमेरिकन आईचं काम प्रश्नावलीवर भागतं आणि आपल्याला चाचणी करावी लागते.

चाचण्या दोन प्रकारच्या. त्वचेची: हातावर सुई टोचतात आणि 48 ते 72 तासांत सूज मोजायला परत जावं लागतं. दुसरी रक्ताची. दंडावर बीसीजीचा व्रण असलेल्या आपल्यासारख्यांनी रक्ताचीच मागावी, कारण बीसीजीमुळे त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

मला हे माहीत नव्हतं. मी सप्टेंबरमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, जवळच्या क्लिनिकमध्ये त्वचेची चाचणी करून घेतली. तिसऱ्या दिवशी हातावर रुपयाएवढी लाल गाठ. नर्सने पट्टीने मोजली, भुवया उंचावल्या. मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरांची वेळ, मग त्यांचं पत्र. एक्स-रे स्वच्छ होता. पण वर्गात पाऊल टाकायला ऑक्टोबर संपला, आणि तोवर रोज सकाळी मुलगी विचारायची, "सगळ्यांची आई येते, तू कधी येणार?" माझ्या पाळ्या दुसऱ्या आईने केल्या. त्या मी नंतर फेडल्या, पण पहिली ओळख 'न येणारी आई' अशी झाली ती झालीच.

दाखला साधारण चार वर्षं चालतो. एक प्रत घरी ठेवा.

बोटांचे ठसे: याला लाइव्ह स्कॅन म्हणतात. क्रम महत्त्वाचा. आधी डिस्ट्रिक्टकडून फॉर्म घ्यायचा, मग ठसे द्यायला जायचं. त्या फॉर्मवर डिस्ट्रिक्टचा स्वतःचा कोड असतो आणि निकाल फक्त त्याच कोडवर जातो. मुलाच्या प्रीस्कूलसाठी गेल्या वर्षी दिलेले ठसे इथे चालत नाहीत. दुकानात मिळालेला कोरा फॉर्म भरून पैसे घालवू नका. ओळखपत्रावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव तंतोतंत जुळवा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर जुनं नावही रकान्यात लिहा. हातावर मेंदी असेल किंवा बोटं भांड्यांच्या साबणाने कोरडी पडली असतील तर ठसे नीट उठत नाहीत आणि पुन्हा बोलावतात. आदल्या दिवशी हाताला क्रीम लावा. जायच्या वेळी मात्र हात कोरडे करून जा.

> तपासा (15 जुलैपर्यंत): टीबीचा दाखला शाळेच्या ऑफिसात पोचला. ठसे दिल्याची पावती घरात आहे. डिस्ट्रिक्टने 'मंजूर' असा ईमेल पाठवला. हे तिन्ही दोन्ही पालकांचं झालं. एकाचंच केलं आणि तोच आजारी पडला, असं होतं.

सहलीला गाडी नेणार असाल तर विम्याचा पुरावा आणि लायसन्स वेगळं द्यावं लागतं. 8 वर्षांखालचं मूल 4 फूट 9 इंच किंवा त्याहून उंच नसेल तर मागच्या सीटवर, कार-सीट किंवा बूस्टरमध्येच. दुसऱ्याच्या मुलाचं बूस्टर सकाळीच मागून घ्या.

टप्पा 6: वर्गातल्या पाळ्या

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा, ऑफिसात सही करून बॅज लावा, फोन पर्समध्ये. शिक्षिका कामाचा कागद देतील: कोणतं टेबल, कोणती चार-पाच मुलं, काय करायचं. तो कागद शेवटपर्यंत वाचा.

आपल्या लोकांची इथली खोड म्हणजे शिकवणं. एका पहिलीतल्या मुलीपुढे जोडायचे चौदा ठोकळे होते. ती एकेक मोजत होती, अकराला चुकली, परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा ती चुकल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. "हे बघ, दहाची एक काठी कर आणि वर चार, झाले चौदा!" तिने काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ठोकळे माझ्याकडे सरकवले. संपलं. पुढची वीस मिनिटं तिने हात लावला नाही. पाळी संपताना शिक्षिकेने माझ्या बॅजवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली, त्यावर तीन प्रश्न होते: तुला कसं कळलं? मला दाखवशील? आणखी एखादी पद्धत सापडेल? "उत्तर सोडून हे तीनच विचारत जा," म्हणाल्या. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे आणि अजूनही मला लागते.

बाकीचे नियम थोडक्यात, पण एकही हलका नाही:

- स्वतःच्या मुलाशी: तुम्ही वर्गात असताना तुमचंच मूल सगळ्यांत जास्त चिकटतं, रुसतं, बिघडतं. पहिले दोन महिने हे चालायचंच. दुसऱ्या गटाचं टेबल मागून घ्या. निघायच्या वेळची खूण आदल्या रात्री ठरवा, आणि निघालात की थबकू नका.
- भाषा: टेबलाशी इतर मुलं असताना इंग्रजी. स्वतःच्या मुलाला बाजूला घेऊन मराठीत समजावलं तर कुणाची हरकत नसते, पण चौघांसमोर मराठीत दटावलं की बाकीची तीन घाबरतात.
- शिस्त: मारामारी झाली तर मुलांना वेगळं करा आणि शिक्षिकेला बोलवा. शिक्षा देणं, माफी मागायला लावणं, आवाज चढवणं हे तुमचं काम नाही.
- खाऊ: डब्यातला लाडू शेजारच्या मुलाला कधीही नाही. वाढदिवसाचासुद्धा विचारल्याशिवाय नाही. शेंगदाणा आणि काजूची ॲलर्जी असलेली मुलं वर्गात असतात, आणि यादी शिक्षिकेकडे असते.
- दार: कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहू नका. स्वच्छतागृह मोठ्यांचं वेगळं असतं, तेच वापरा.
- तोंड: कोण अजून वाचत नाही, कोण चड्डीत शू करतो, कुणाच्या घरी काय चाललंय, हे वर्गाच्या बाहेर जाता कामा नये. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच, नाव न घेताही नाही. मुलाने काही गंभीर सांगितलं, घरच्या माराबद्दल किंवा तसं काही, तर त्याच दिवशी शिक्षिकेला सांगा. स्वतः चौकशी करत बसू नका.

> सावधान: पाळीला येता येणार नसेल तर शिक्षिकेला मेसेज करण्याआधी बदली शोधा. पालकांची यादी त्यासाठीच असते. सकाळी साडेसातला आलेला "आज जमणार नाही" हा मेसेज म्हणजे शिक्षिकेने चार टेबलांचं आखलेलं काम एकटीने ओढायचं.

टप्पा 7: प्रगती कशी वाचायची

साधारण नोव्हेंबरमध्ये पालक-शिक्षक भेट असते, आणि आपला पहिला प्रश्न "कितवा आहे?" हाच असतो. त्याचं उत्तर इथे मिळत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा: इयत्तेच्या मानकाप्रमाणे वाचन कुठे आहे, गणितात कोणती गोष्ट अजून पक्की नाही, मला एखादा नमुना दाखवता का? वर्णनात्मक प्रगतिपत्रकातले गोड शब्द दोनदा वाचा. 'मदतीने करतो' आणि 'स्वतंत्रपणे करतो' यांत बरंच अंतर आहे.

तिसरीपासून राज्याची कास्प चाचणी इथेही असते, बाकीच्या पब्लिक शाळांसारखीच. पालकांना लेखी पत्र देऊन मुलाला त्यातून वगळता येतं. मी वगळलं नाही. बाहेरून मिळणारं ते एकच मोजमाप होतं.

मूल मागे पडतंय असं वाटलं तर 'खेळत खेळत शिकेल' यावर वर्ष घालवू नका. ही पब्लिक शाळा आहे, त्यामुळे विशेष शिक्षणाचे सगळे हक्क लागू आहेत. मूल्यमापनाची मागणी लेखी करा, ईमेल चालतो, तारीख घाला. त्यानंतर साधारण 15 दिवसांत डिस्ट्रिक्टने मूल्यमापनाचा आराखडा द्यायचा असतो, आणि तुमच्या सहीनंतर 60 दिवसांत मूल्यमापन करून बैठक घ्यायची असते. मोठ्या सुट्ट्यांचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून मे महिन्यात दिलेलं पत्र ऑक्टोबरपर्यंत लोंबकळतं. फाटकाशी उभं राहून शिक्षिकेला तोंडी सांगितलेल्या मागणीने यातलं एकही घड्याळ सुरू होत नाही.

टप्पा 8: देणगी, आणि बाहेर पडायचं असेल तर

सप्टेंबरमध्ये 'एका मुलामागे अमुक डॉलर' असं पत्र येतं. ती देणगी आहे. कॅलिफोर्नियात पब्लिक शाळेच्या शैक्षणिक कामासाठी फी घेता येत नाही, 2012 च्या कायद्याने तर ते आणखी स्पष्ट केलंय. देता येत असेल तर द्या, अशा शाळांची बरीच कामं त्यावर चालतात. देता येत नसेल तर मुलाच्या सहलीवर त्याचा परिणाम होऊ शकत नाही, आणि कारण सांगायची गरज नाही.

न झेपल्यास आधी शिक्षिकेशी बोला, कामाचा प्रकार बदलून मागा. पाळी सोडून घरून करायचं काम मिळालं आणि गाडी रुळावर आली, अशी घरं आहेत. तरीही सोडायचंच असेल तर वर्षाच्या मध्यात ऑफिसात 'नाव काढा' म्हणण्याआधी डिस्ट्रिक्टला विचारा: नेमून दिलेल्या शाळेत त्या इयत्तेत जागा आहे का? वर्ग भरलेला असेल तर मूल डिस्ट्रिक्टच्या तिसऱ्याच शाळेत जाऊ शकतं. जागा आहे असं लेखी आल्यावरच नाव काढायचा फॉर्म भरा, आणि काढलेलं नाव परत घालायचं तर पुन्हा चिठ्ठीच्या रांगेत.